बसल्यावर बरं वाटतं

इस्त्रीखान्यातल्या छत्तीस बायका श्वास रोखून उभ्या होत्या आणि ओझेबाबांची नाडी थांबली होती.

थांबली म्हणजे अगदी ठप्प. बाबांचे उजवे मनगट मुकादमाच्या हातात होते. तीन बोटे मनगटावर रुतवून तो मोठ्याने आकडे मोजत होता. "नऊ… दहा… अकरा… अजून नाही हो!" बाबांनी डाव्या हाताने समोरच्या बाईचे मनगट धरले होते. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले, कपाळावरून घामाच्या धारा. घाम तिथे सगळ्यांनाच यायचा. वाफेचे रोलर जेवणाच्या सुट्टीत बंद केले तरी तासभर धगधगत असत. पण त्या भट्टीत जाडजूड, ढगळ, पूर्ण बाह्यांचा कोट घालून बसणारा माणूस एकच होता. त्याला एवढे उकडत असताना तो कोट का काढत नाही, हा प्रश्न छत्तीसपैकी एकीलाही पडला नव्हता. चमत्कार बघताना माणसाला साधे प्रश्न पडत नाहीत.

"वीस!" मुकादम ओरडला. बाबांनी एक लांब सुस्कारा सोडला, खांदे सैल केले आणि मुकादमाचे डोळे चमकले. "आली! परत आली!"

"ओझं उतरलं," बाबा म्हणाले. "बाईच्या काळजावरून माझ्या काळजावर घेतलं आणि खाली टाकलं. ऊठ, माझे आई."

स्टुलावरची बाई उठली. चेहरा तरतरीत झाला होता. तिची लेक दाराशी उभी राहून हे बघत होती आणि मनातल्या मनात दात-ओठ खात होती.

लेकीला हॉस्पिटलात सगळे पट्टीताई म्हणत. छातीवर, हातापायांवर तारा लावून हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढायची, हे तिचे काम. नऊ वर्षांत तिने किती पट्ट्या काढल्या असतील याचा हिशेब नव्हता. आई याच धुलाईच्या कारखान्यात त्याच हॉस्पिटलच्या चादरी घडी करायची. म्हणजे एक जण चादर पाठवायची, दुसरी त्या चादरीवर रोगी झोपवायची. हॉस्पिटलातली दुपारची पाळी दोनला सुरू होत असल्याने आज लेक मुद्दाम आली होती, कारण आईने चार वेळा सांगितले होते, "एकदा डोळ्यांनी बघ, मग बोल."

बाबांचे व्याख्यान सुरू झाले. "आयाबायांनो, पुरुषाचं काळीज म्हणजे काच. खळ्ळकन फुटतं! आणि बाईचं काळीज म्हणजे रबर. दाबा, ताणा, पिळा, पुन्हा जागच्या जागी. सांगा बरं, याच कारखान्यात छाती धरून किती बाप्ये कोसळले?"

"तीन," बायका म्हणाल्या.

"आणि बाया?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. छाती धरून एकही कोसळली नव्हती. दोघी-तिघी गेल्या होत्या, पण एक अशक्तपणाने, एक पित्ताने, एक 'रात्री झोपली ती उठलीच नाही' अशी. छाती कुणी धरली नव्हती, त्यामुळे त्या मोजणीत आल्या नाहीत.

"बघा!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "निसर्गाने बाईला कवच दिलंय. तिला हार्ट अटॅक येत नाही. तिच्या काळजात साठतं ते ओझं. आणि ओझं उतरवायला मी बसलोय." रबराविषयी बाबांना एवढी माहिती कशी, ते पुढे कळेलच.

"बाबा, ही माझी लेक," आईने कौतुकाने तिला पुढे ढकलले. "हॉस्पिटलात असते."

दुसरा एखादा भोंदू असता तर त्याची पाचावर धारण बसली असती. ओझेबाबा मात्र खुलले. "ये पोरी, ये. तूच तपास. तुमच्या विज्ञानानेच सांगू दे." आणि त्यांनी आपले मनगट तिच्या हातात दिले.

नाडी व्यवस्थित होती. बहात्तर-चौऱ्याहत्तर. बाबांनी डोळे मिटले, ओठ आवळले. ठोके बारीक झाले, आणखी बारीक झाले आणि गेले. पट्टीताईने बोटे सरकवली, दाबली, सैल केली. काही नाही. माणूस मात्र समोर लालबुंद बसलेला.

"आहे का नाडी?" मुकादमाने विचारले.

खोटे बोलणे तिच्या स्वभावात नव्हते. "मनगटाला… लागत नाहीये," ती म्हणाली.

झाले! "हॉस्पिटलची ताई सांगते!" असा एकच गलका उठला. ती बुवाबाजी उघडी पाडायला आली होती आणि साक्षीदार होऊन परत गेली.

इस्त्रीखान्याची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. हॉस्पिटलची चादर रोलरमधून बाहेर पडली की दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचे, एकमेकींकडे चालत यायचे, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, पुन्हा मागे जायचे, पुन्हा पुढे. एकटीने ती घडी होत नाही. त्यामुळे एक बसली की दुसरीचे हात रिकामे, रोलरच्या तोंडाशी चादरींचा ढीग, आणि मागून मुकादमाचा आवाज. म्हणून कुणी बसत नसे. बसायचे नाही असा काही नियम लिहिलेला नव्हता. जोडीदारणीला अडकवायचे नाही एवढेच होते. आईची जोडीदारीण म्हणजे बुटकी मावशी. एकोणीस वर्षे दोघी एका चादरीची दोन टोके धरून चालत होत्या. मावशी उंचीने कमी असल्याने तिच्या बाजूचा कोपरा जरा जास्त ओढला जायचा. जेवणसुद्धा दोघी उभ्या-उभ्या उरकायच्या. अख्ख्या इस्त्रीखान्यात स्टुले दोनच, आणि तीही बुधवारी बाबांसाठी यायची. एक बाबांचे, एक ओझेवालीचे.

बाबा पैसे घेत नसत, हे त्यांचे मोठेपण सगळ्या सांगत. त्यांना मालकानेच बोलावले होते आणि बाबा येऊ लागल्यापासून आजारपणाच्या रजा निम्म्यावर आल्या होत्या, ते मात्र कुणी सांगत नसे.

आईला चार महिन्यांपासून त्रास होता. वय सत्तावन्न. दुपारनंतर जबडा दुखायचा, डाव्या बाजूचा, दाढ दुखावी तसा. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, कुणी अंगठा दाबून धरल्यासारखे व्हायचे. जिना चढताना दम लागायचा, मळमळायचे. दाताच्या डॉक्टरने एक दाढ काढूनही झाली. दुखणे होते तिथेच. "छातीत दुखतं का?" असे लेकीने पुन्हा पुन्हा विचारले. "दुखत नाही गं. जड वाटतं. ओल्या चादरींची गाडी कुणी वर ठेवल्यासारखं. बाबा म्हणतात ते बरोबर आहे, ओझंच आहे ते."

तिने आईला हॉस्पिटलात आणले. ओळखीचे असूनही रांगेत अर्धा तास बसावे लागले. मग आई तपासणीच्या पलंगावर आडवी झाली आणि चादर चाचपून हसली. "ही घडी आमचीच. हा कोपरा बघ, मावशीने ओढलाय." पट्टी निघाली. लेकीने दोनदा बघितली, तीनदा बघितली. कुठेही काही नाही. शिकाऊ मुलींना दाखवावी इतकी स्वच्छ.

डॉक्टर माणूस वाईट नव्हते. हुशार होते, थकलेले होते. त्यांनी पट्टीवर नजर फिरवली. "पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"सहा-सात," आई संकोचून म्हणाली.

"मग हे असं होतंच. धडधड, थकवा, घाबरं होणं. वयाचं आहे. पित्ताची गोळी देतो, एक झोपेची देतो. काळजी करत जाऊ नका."

त्याच सकाळी एक ट्रकवाला आला होता. वय बावन्न, छातीवर मूठ दाबून धरलेली. त्याचीही पट्टी जवळपास स्वच्छच होती. तरी डॉक्टर उठून उभे राहिले होते. "बावन्नचा पुरुष आहे, थांबायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलात पाठवा, आजच्या आज." ट्रकवाल्याच्या दोन नळ्या बंद निघाल्या. तो वाचला.

पट्टीताईने धीर करून विचारले, "सर, आईची ट्रेडमिल करून बघायची का? चालल्यावरची पट्टी?"

"ताई, पट्टी काढायचं काम तुमचं, वाचायचं माझं," ते हसून म्हणाले. अपमान करावा म्हणून नव्हे, सवयीने.  तिने प्रशिक्षणात वाचले होते: पाळी चालू असते तोवर शरीरातली काही द्रव्ये बाईच्या रक्तवाहिन्यांना थोडेफार सांभाळतात. पाळी गेली की तो आधार सुटतो आणि हृदयविकारात आठ-दहा वर्षे मागे असलेली बाई पुरुषाला गाठते. म्हणजे डॉक्टरांनी प्रश्न अगदी योग्य विचारला होता. पण ज्या उत्तराने त्यांना धास्ती वाटायला हवी होती, त्याच उत्तराने ते निश्चिंत झाले. हे सगळे तिला माहीत होते आणि तिने ब्र काढला नाही. नोकरी, हुद्दा, सवय. काहीही म्हणा.

आई घरी येऊन म्हणाली, "बघ, तुझं यंत्रही बाबांच्याच बाजूने बोलतंय."  नाडी थांबल्याची साक्ष लेकीचीच, स्वच्छ पट्टीही तिचीच. ओझेबाबांचा यापेक्षा चांगला प्रचारक शोधून सापडला नसता.

पुढच्या सोमवारी तपासणीच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ झोपले होते. बोटाला ठोके मोजणारा चिमटा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. पट्टा आपोआप फुगू लागला आणि पडद्यावरचे आकडे एकाएकी गायब झाले. नवी नर्स किंचाळली, "ताई, नाडी गेली!"

"नाडी कुठे जातेय?" पट्टीताई सवयीने म्हणाली. "चिमटा आणि पट्टा एकाच हाताला लावलायस. वर दाबलं की खाली रक्त येत नाही. आत्ता पट्टा सैल होईल, येईल परत."

पट्टा सैल झाला. आकडे परत आले. पट्टीताई जागच्या जागी उभी राहिली.

चहाच्या वेळी तिने दार लावून घेतले. बँडेजचा एक गुंडाळा उजव्या काखेत धरला, उजव्या बोटाला चिमटा लावला आणि दंड छातीशी आवळला. आकडे घसरले, लुकलुकले, गेले. डाव्या हाताने गळ्याला हात लावून बघितला. तिथे नाडी ठणठणीत उड्या मारत होती. तिला एकटीलाच हसू फुटले. काखेत काहीतरी गोल, टणक दाबायचे, हाताकडे जाणारी रक्तवाहिनी दबते, मनगटाची नाडी बंद. काळीज आपले काम करतच असते. बाबांच्या कोटाचे गुपित कळले! डाव्या मनगटाची नाडी कुणी बघू नये म्हणून तो हात कधी रिकामा नसतो, तेही कळले.

संध्याकाळी तिने आईला सगळे करून दाखवले, बाबांच्या काखेत चेंडू असणार असेही सांगितले. आई भाजी निवडत होती. लेकीचे मनगट तिने नीट धरून बघितले, नाडी गेलेली बघितली, आलेली बघितली.

"असेल चेंडू," ती म्हणाली. "नसेलही. मला बरं वाटतं ना?"

"मनाचे खेळ आहेत गं ते!"

"दुखणं मनाचं नाही आणि बरं वाटणंही मनाचं नाही. बाबांसमोर पंधरा मिनिटं बसले की जबडा सुटतो, पाठ सुटते. अगदी खरं सांगते."

लेकीने हे ऐकले आणि सोडून दिले. तिचे डोके चेंडूत अडकले होते. आपल्याला आयुष्यभर पुरेल एवढी चूक तिने त्या क्षणी केली, ती पुढे तिलाच कळणार होती.

बुधवार. पुन्हा तोच गराडा, तीच दोन स्टुले. आज पहिला नंबर आईचाच होता. ती बसणार एवढ्यात लेक पुढे झाली.

"बाबा, आधी एक विनंती. नाडी थांबली की उजवा हात तसाच डोक्यावर उचलून दाखवा."

"श्रद्धेच्या जागी परीक्षा नसते, पोरी."

"गेल्या बुधवारी तुम्हीच म्हणालात, विज्ञानानेच सांगू दे. नुसता हात वर करायचाय. पाचवीतली मुलं वर्गात करतात."

दोघी-तिघी हसल्या. मुकादमालाही मजा वाटली. "करा की बाबा, त्यात काय!" म्हणत त्याने बाबांचा हात धरून वर उचललाच. ढगळ कोटाच्या आतून एक लाल रबरी चेंडू सुटला, फरशीवर टप्पे खात गेला आणि रोलरखाली जाऊन बसला.

 मग एकीने फिस्सकन हसून तोंडावर पदर घेतला आणि छत्तीस जणी हसत सुटल्या. "बाईचं काळीज रबराचं, आणि बाबांचं काखेत!" कुणीतरी ओरडले. पट्टीताईने काखेत बँडेज धरून तिथल्या तिथे आपली नाडी थांबवून दाखवली. बुटक्या मावशीला मनगट धरायला लावले. मावशी चाट पडली.

हसणे ओसरेपर्यंत बाबा शांत बसून राहिले. मग कोट झटकत उठले. अशा माणसांना एक कसब असते. सगळे गेले तरी शेवटचे वाक्य त्यांच्याजवळ शिल्लक असते.

"बरं, चेंडू माझा. लोकांना काहीतरी दिसावं लागतं. पण मला सांग, तुझ्या यंत्रानं आईच्या काळजात काय दाखवलं?"

बाबा तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुझे डॉक्टर काय म्हणाले? वयाचं आहे, काळजी करू नका. मी काय वेगळं सांगितलं? निदान माझ्याकडे आल्यावर तिला बरं तरी वाटतं. तुझ्या गोळीनं वाटलं का?"

 बायकांचे चेहरे पुन्हा हळूहळू बदलताना पट्टीताईला दिसले. एवढ्यात भोंगा झाला. सुट्टी संपली. स्टूल रिकामेच राहिले.

"चल गं," बुटकी मावशी आईला म्हणाली. आईने लेकीकडे बघितलेही नाही. दोघी रोलरपाशी गेल्या, चादरीचे कोपरे धरले आणि चालू लागल्या.

पुढचे लेकीला मावशीकडून कळले. तासाभरात आईचा चेहरा राखेसारखा झाला. घाम निथळू लागला. "तुला घाम किती गं!" मावशी म्हणाली. "सगळ्यांनाच आलाय," आई म्हणाली. ते खरेच होते. मग ती मोरीत जाऊन ओकली. मुकादमाने लिंबूपाणी दिले. "चारचौघांत लेकीनं तमाशा केला, मनाला लागलंय," असे बायकांचे ठरले. आई तोंड धुऊन परत आली. मावशीला अडकवायचे नाही म्हणून परत आली. आणखी दीड तास तिने चादरी घडी केल्या. एका घडीत कोपऱ्याला कोपरा जुळवताना तिचे हात मावशीच्या हातांवर आले आणि तिथेच थांबले. "मला जरा बसव," ती म्हणाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत तीन तास उलटले होते. तारा लेकीनेच लावल्या. दुसऱ्या कुणाला तिने हात लावू दिला नाही. पट्टी सरकू लागली आणि या वेळी ती वाचायला डॉक्टरांची गरज नव्हती. रेघा वर उचलल्या होत्या, एका बाजूच्या सगळ्या. हार्ट अटॅक.

"आई, कधीपासून होतंय?"

"दुपारपासून." आईचा आवाज खोल गेला होता. तिने लेकीचा हात धरला. "आज बसले तरी जात नाहीये गं."

बसले तरी. पट्टीताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असा उजेड कुणाच्या वाट्याला येऊ नये. चार महिने आई चालली की दुखायचे आणि बसली की थांबायचे. अरुंद झालेली नळी, दमलेले हृदय. विसावा मिळाला की निभावून न्यायचे. बाबांचा चमत्कार चेंडूत नव्हताच, स्टुलात होता! आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटे, त्या बाईला बसायला मिळत होते. तेवढ्यावर बाबा देव झाले होते. आणि हॉस्पिटलात तरी काय वेगळे केले? अर्धा तास रांगेत बसवले, पलंगावर आडवे केले, हृदय निवांत झाल्यावर पट्टी काढली आणि म्हणालो, छान आहे. बाबांनी बसलेल्या बाईची नाडी धरली, आपण बसलेल्या बाईची पट्टी काढली. चालणारी बाई कुणीच बघितली नाही.

डॉक्टर धावत आले. इंजेक्शने झाली, मोठ्या हॉस्पिटलला फोन झाला, रुग्णवाहिका दाराशी लागली. जे जे ट्रकवाल्यासाठी झाले होते ते सगळे झाले, फक्त चार महिने आणि तीन तास उशिरा. पट्टीताई नऊ वर्षे याच खोलीत होती. प्रत्येक यंत्राचे बटण तिला पाठ होते. त्यातले एकही दाबण्याजोगे उरले नाही. दिवेलागणीच्या आत आई गेली.

इस्त्रीखान्यात बातमी पोचली आणि तिचा अर्थही लगेच लागला. चार महिने बाबांनी जे ओझे पेलून धरले होते, ते लेकीने त्यांना मध्येच अडवल्यामुळे उलटले. ज्या दिवशी चेंडू पडला त्याच दिवशी आई पडली, आणखी पुरावा काय हवा? चेंडूवर पोट धरधरून हसलेल्या बायका आता चेंडूचे नावही काढत नव्हत्या. ओझेबाबांना दुसऱ्या दोन कारखान्यांतून बोलावणे आले. पट्टीताईने एक खोटा चमत्कार मोडला आणि त्याच दुपारी त्यांना त्याहून मोठा मिळवून दिला.

रात्र रात्र तिला एकच वाटे: त्या दिवशी आपण मध्ये पडलो नसतो, तर आई स्टुलावर बसली असती. मग? ती स्वतःलाच उत्तर द्यायची: मग एक बुधवार टळला असता. गुरुवार टळला नसता. हे खरे होते, आणि त्याने काही हलके वाटत नव्हते.

दिवसकार्य उरकल्यावर डॉक्टर तिच्या खोलीत आले. आईच्या दोन्ही पट्ट्या त्यांनी मागून घेतल्या, शेजारी शेजारी धरल्या. "चालताना काय होतं, एवढं विचारायला हवं होतं मी," ते म्हणाले. ती म्हणाली, "मीही." 

पुढच्या बुधवारी ती इस्त्रीखान्यात गेली. बाबा नव्हते. बायका तिच्याकडे पाठ करून जेवत होत्या. ती त्या पाठींशीच बोलली.

"मला शिव्या द्या, पण ऐका. बाईला हार्ट अटॅक येतो. पुरुषासारखाच येतो, पाळी गेल्यावर तर झपाट्याने येतो, आणि पाळी चालू आहे म्हणून टळतोच असंही नाही. छातीत दुखेल, किंवा नुसतं जड वाटेल, जबडा दुखेल, पाठ दुखेल, दम लागेल, मळमळेल, उगाच गळून गेल्यासारखं होईल. चालताना होतंय आणि बसलं की थांबतंय, तर ते ओझं नाही, वय नाही, मनही नाही. ते हृदय आहे. कुणी बाबा सांगू दे, कुणी डॉक्टर सांगू दे, मी सांगू दे; ऐकून घ्या आणि विचारा, कशावरून? तपासून बघा म्हणावं. चालवून बघा म्हणावं. आणि दुखलं की बसा. जोडीदारणीचे हात रिकामे राहिले तर राहू देत."

कुणी वळले नाही. भोंगा झाला. बुटकी मावशी नव्या जोडीदारणीबरोबर चादर ताणत होती. नवी उंच होती, कोपरे जुळत नव्हते. पट्टीताई पाय ओढत परतली.

सव्वा महिना गेला. एका सकाळी तपासणीच्या खोलीचे दार ढकलून मावशी आत आली. एकटीच. कामाची रजा टाकून आली होती. दाराशी उभी राहिली, बसली नाही.

"दंड दुखतो," ती म्हणाली. "डावा. वीसेक चादरी झाल्या की सुरू होतं. मुकादमाला सांगितलं नाही, बाबालाही नाही. तुला सांगायला आले."

पट्टीताईने तिला पलंगावर निजवले, तारा लावल्या. मावशीने नजर छताकडे ठेवली. "आणि पट्टी चांगली आली ना, तरी मला घरी पाठवू नकोस."

पट्टी चांगलीच आली. डॉक्टरांनी ती हातात घेतली. "मावशी, पट्टी तर अगदी…" एवढे म्हणून ते थांबले.

"सर, ती आत्ता आडवी आहे," पट्टीताई म्हणाली. "आधी तिला चालवून बघू."

डॉक्टरांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि ट्रेडमिलच्या खोलीची किल्ली काढली. मावशी पलंगावरून उतरली, चुरगळलेली चादर तिने सवयीने सारखी केली आणि चपला घातल्या.